स्वेटरवाल्या मावशींच्या गल्ल्यावरचा फोटो आणि जेलात भरलेली एक कॅसेट

धानपट्टी
(मूळ धागा)

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या नागपुरात थंडी पडायच्या आधीच तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात. मी मूळचा अर्जुनी मोरगावकडचा, त्यामुळे त्यातले दोनचार चेहरे तरी ओळखीचे निघतातच. बऱ्याच जणांना माहीत नसतं पण आमच्या तालुक्यात गोठणगावला, इटियाडोह धरणाच्या अंगाला, १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे, नॉर्गेलिंग नावाची. धर्मशाळा सगळ्यांना माहीत, कर्नाटकातलं बैलकुप्पे पण माहीत, आपल्या महाराष्ट्रातलं मात्र कोणाच्या गावीही नाही. ही माणसं आमच्यासारखाच धान लावतात, मे महिन्यात आमच्यासारखीच घामेघूम होतात आणि दिवाळी झाली की गठ्ठे बांधून शहरात येतात.

तर परवा बाबांसाठी हाफ स्वेटर घ्यायला गेलो. मावशी नेहमीच्याच. वर "एक दाम"ची पाटी, गल्ल्याच्या वर दलाई लामांचा फोटो, फोटोला पांढरा रेशमी खाता (तिबेटी लोकांचा मानाचा गळपट्टा) गुंडाळलेला. माझ्या शेजारी एक कॉलेजातलं पोरगं घासाघीस करत होतं, काही केल्या मावशी ऐकेनात तेव्हा फोटोकडे बोट दाखवून म्हणतं, "मावशी, तुमच्या गुरुजींच्या नावानं तरी पन्नास कमी करा." मावशी हसल्या, स्वेटरची घडी घालता घालता म्हणाल्या, "तिकडे या फोटोने जेल होते बेटा, आणि तू डिस्काउंट मागतोस."

पोरगं गेलं दुसऱ्या स्टॉलवर. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य अडकलं. तिबेटचं वाचन थोडंफार होतं, या निमित्ताने परत बसलो आणि एका कॅसेटपाशी येऊन थांबलो, ती सांगतो.

तिबेटमध्ये ल्हासाजवळ द्राप्ची नावाचं चीन सरकारचं जेल आहे. १९९३ साली तिथे चौदा भिक्षुणी कैदेत होत्या, बहुतेकींचं वय विशीच्या आसपास. कोणीतरी चोरून टेपरेकॉर्डर आत आणला आणि या बायकांनी रात्री पहारा चुकवून त्यात गाणी भरली. स्वतः रचलेली, आपल्या देशाबद्दल, दलाई लामांबद्दल, घरच्यांना आम्ही अजून आहोत हे कळावं म्हणून. कॅसेट बाहेर गेली, तिच्या नकला निघाल्या, परदेशात पोचली. आणि आत काय झालं तर ऑक्टोबर १९९३ मध्ये चौदाही जणींची शिक्षा ५ ते ९ वर्षांनी वाढवली. गाण्यापायी. फुंत्सोग न्यीद्रोन म्हणून होती, ती १९८९ ला पकडली गेलेली, दलाई लामांना नोबेल जाहीर झालं त्याच महिन्यात निदर्शनं केली म्हणून ९ वर्षं. गाण्याची ८ धरून झाली १७. चौदा जणींत ती सगळ्यात शेवटी सुटली, फेब्रुवारी २००४ मध्ये. सगळ्यात लहान न्गावांग सांगद्रोल. ती पहिल्यांदा आत गेली तेव्हा तेरा वर्षांची होती, गाणं रेकॉर्ड केलं तेव्हा सोळाची, सुटली २००२ साली. आमच्याकडे सोळाव्या वर्षी पोरगी दहावीच्या निकालाचं टेन्शन घेऊन बसलेली असते.

दुसरे पाल्देन ग्यात्सो, तेही भिक्षू. १९५९ च्या चीनविरोधी उठावानंतर पकडले, १९९२ ला सोडलं, मधला काळ मिळून ३३ वर्षं तुरुंग आणि लेबर कॅम्प. सुरुवातीच्या चौकशीत त्यांना म्हणायला लावत होते की तुझे गुरू भारताचे हेर आहेत. हे म्हणाले, नाहीत. बास, एवढंच. पुढे १९९० मध्ये द्राप्चीतच त्यांच्या तोंडात विजेचा दंडुका कोंबला, वीसेक दात गेले. सुटल्यावर या म्हाताऱ्याने काय करावं? पैसे चारून तशाच दंडुक्यांचे आणि बेड्यांचे नमुने मिळवले आणि ते घेऊन नेपाळमार्गे भारतात आला. १९९५ ला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे जाऊन बोलला. नोव्हेंबर २०१८ मध्ये धर्मशाळेत वारले. मला त्यांची ती सामानाची पिशवी डोळ्यासमोरून जात नाही. माणूस जेलातून सुटल्यावर घरी काय नेतो आणि याने काय नेलं.

आता माझा मुद्दा. ही सगळी प्रकरणं वाचताना मी एकच बघत गेलो की कागदावर गुन्हा काय लिहिलाय. कुठेही "प्रार्थना केली म्हणून" असं नाही. १९९७ पर्यंत "प्रतिक्रांती" असायचं, मग चीनचा कायदा बदलला आणि "राज्याच्या सुरक्षेला धोका" आलं. श्रद्धेचं कलम कुठल्याच फाइलीत नाही. पण सुटायचा रस्ता विचाराल तर तो मात्र दरवेळी श्रद्धेतूनच जातो. गुरूला नाकार. एक वाक्य बोल.

तुम्हाला काय वाटतं? दुसऱ्या देशांतली माहिती असेल तर तीही टाका.

---

मिरी
वाचतेय. सोळाची पोर हे वाचून पोटात गोळा आला. ती गाणी ऐकायला मिळतात का कुठे?

---

धानपट्टी
@मिरी, हो, नेटवर आहेत. आवाज फार खराब, मागे खरखर. पण आहेत.

---

शनवारातला शहाणा
धागा चांगला, लिहिलंयही छान, पण थोडी काडी टाकतो, रागावू नका. या भिक्षुणी आत गेल्या त्या रस्त्यावर "तिबेट स्वतंत्र करा" म्हणून घोषणा देऊन. याला धर्मासाठी तुरुंगवास कसा म्हणायचा? उद्या कोणी भगवी घालून किंवा टोपी घालून किंवा झगा घालून देश तोडायच्या घोषणा दिल्या तर कुठलंही सरकार आरती ओवाळणार नाही. कपडे धर्माचे आहेत म्हणून राजकारण धर्म होत नाही. आणि जुना तिबेट म्हणजे काही रामराज्य नव्हतं हो, मठांच्या जमिनी होत्या, त्यावर राबणारी कुळं होती. ते कोणी लिहीत नाही.

---

अवली बाळ
आमच्याकडचे बाबा पण जेलातच आहेत की. त्यांच्यासाठी पण धागा काढा 😂

---

मिरी
@अवली बाळ, ते त्यांच्या श्रद्धेसाठी नाही गेलेत, भक्तांच्या लेकीबाळींवर हात टाकला म्हणून गेलेत, आणि कोर्टात पुरावे होऊन गेलेत. दोन्ही एका मापात मोजू नकोस.

---

अवली बाळ
अगं ताई गंमत केली. मान्य आहे.

---

धानपट्टी
@शनवारातला शहाणा, रागावायचं काय त्यात, हाच प्रश्न मलाही पडला होता. जुन्या तिबेटबद्दल तुमचं बरोबर आहे, मठ हे जमीनदार होते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण कूळ सोडवायला आलेल्याने चाळीस वर्षांनी तेरा वर्षांच्या पोरीला आत का टाकावं याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

घोषणांचं म्हणाल तर ठीक, सांगद्रोलची केस आपण बाजूला ठेवू. तुम्ही मला चाद्रेल रिनपोचेंची सांगा. हे ताशी ल्हुन्पो मठाचे प्रमुख, चीन सरकारनेच नेमलेल्या शोधसमितीचे अध्यक्ष. म्हणजे सरकारी माणूस म्हणा ना. दहावे पंचेन लामा (दलाई लामांच्या खालोखाल मानाचे तिबेटी धर्मगुरू) जानेवारी १९८९ ला वारले (ते स्वतः १९६२ मध्ये माओच्या सरकारला सत्तर हजार अक्षरांचा तक्रारअर्ज देऊन पुढे नऊदहा वर्षं कैदेत बसलेले, तो वेगळाच धागा होईल). तर त्यांचा पुनर्जन्म शोधायचं काम या समितीकडे. मुलगा सापडला, गेधुन चोक्यी न्यिमा, सहा वर्षांचा. १४ मे १९९५ ला दलाई लामांनी त्याचं नाव जाहीर केलं. १७ मे ला मुलगा आणि त्याचे आईवडील उचलले. आज तो पस्तिशी ओलांडलेला माणूस असेल, चीन सरकार म्हणतं तो सुखात आहे, त्याला त्रास देऊ नका. बाहेरच्या कोणाला भेटू दिलेलं नाही. आणि चाद्रेल रिनपोचेंना १९९७ ला सहा वर्षं. गुन्हा काय तर देश फोडण्याचा कट आणि "राज्याची गुपितं फोडली". गुपित कोणतं? अमुक गावातलं अमुक लेकरू हे आमच्या गुरूंचा पुनर्जन्म आहे, हे दलाई लामांना कळवलं. आता हे राज्याचं गुपित कसं झालं हे तुम्हीच सांगा.

बरं, सरकारचं म्हणणं आम्ही नास्तिक आहोत. आणि २००७ मध्ये त्यांच्याच धर्मखात्याने ऑर्डर नंबर ५ काढली की सरकारच्या परवानगीशिवाय कोणाही जिवंत बुद्धाचा, म्हणजे लामाचा, पुनर्जन्म ग्राह्य धरला जाणार नाही. अर्ज करायचा, मंजुरी घ्यायची, मग जन्म. आपल्याकडे तहसीलमध्ये मेलेल्या माणसाचं सातबारावरून नाव काढायला वर्ष जातं, इथे जन्मायच्या आधीच फाइल.

राजकारण धर्मात कोणी घुसवलं, हे यावरून ठरवा.

---

शनवारातला शहाणा
ऑर्डर नंबर ५ माहीत नव्हती, मजेशीर आहे. चाद्रेल यांच्या केसपुरतं मागे घेतो. बाकीच्यांबद्दल अजून पूर्ण पटलेलं नाही. विचार करून लिहितो.

---

जुनाट
शहाणे, तुम्ही एवढं मागे घेतलंत म्हणजे तारीख लिहून ठेवायला हवी.

मी धुळ्याचा, म्हणून एक आठवलं. विनोबा १९३२ साली धुळ्याच्या जेलात होते तेव्हा दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलायचे, आणि साने गुरुजी तिथेच कैदी, ते उतरवून घ्यायचे. फेब्रुवारीत सुरू झालं ते जूनपर्यंत, अठरा अध्याय पुरे. माझ्या आजोबांकडे त्याची जुनी प्रत होती, पानं पिवळी पडून कडेने तुटायला आलेली, आजोबा रोज सकाळी दोन पानं वाचायचे आणि मग वर्तमानपत्र. आता इंग्रज काही देवमाणूस नव्हते आणि विनोबा आत गेले ते सत्याग्रहासाठी, गीतेसाठी नव्हे. तरी पण इंग्रज जेलर कैद्याला गीता सांगू देत होता, कारण गीतेची त्याला भीती नव्हती, मिठाची होती. तिकडे द्राप्चीत उघड प्रार्थना करायलाच बंदी. म्हणजे सरकारला नेमकी कशाची भीती आहे ते आत गेल्यावर कळतं, कोर्टात नाही. जेलात काय करू देत नाहीत ते बघायचं.

---

धानपट्टी
@जुनाट काका, दंडवत. हे मला सुचलं नव्हतं.

---

पाचगणीची पोर
मी फक्त वाचत असते इथे, लिहीत नाही, पण या विषयावर लिहिलंच पाहिजे. माझी शाळा पाचगणीची, न्यू एरा. ती बहाई लोकांनी (इराणात जन्मलेला एक धर्म) १९४५ मध्ये काढलेली. आमच्या वर्गात इराणी मुलंमुली असायची, पुण्यातल्या इराणी हॉटेलवाल्यांची पण. आपल्याला इराणी म्हटलं की सगळे पारशीच वाटतात, पण त्यातले काही बहाई असतात हे मला तिथे गेल्यावर कळलं. माझ्या रूममेटची आजी इराणातल्या शिराझची होती. रूममेट कधी घरच्या गोष्टी सांगायची नाही, एकदाच जूनमध्ये शाळा सुरू झाल्या झाल्या ती दिवसभर जेवली नाही तेव्हा विचारलं.

१८ जून १९८३. शिराझमध्ये दहा बहाई बायकांना एकाच रात्री फाशी दिली. एकेकीला, बाकीच्यांसमोर, म्हणजे पुढची तरी घाबरून म्हणेल की मी बहाई नाही. कोणीच म्हटलं नाही. त्यात मोना महमूदनिझाद सतरा वर्षांची होती. लहान मुलांचे वर्ग घ्यायची, हा तिचा गुन्हा.

धागाकर्त्यांनी कागदावरच्या गुन्ह्याचं लिहिलंय ना, बहाईंच्या बाबतीत ते वाचून तर माणूस थक्क होतो. २००८ मध्ये इराणमधल्या बहाईंचं कामकाज बघणाऱ्या सात जणांना पकडलं आणि दोन वर्षांनी वीस वर्षांची शिक्षा. आरोप काय काय, पण मुख्य म्हणजे इस्रायलसाठी हेरगिरी. का, तर बहाईंचं मुख्य केंद्र हैफात आहे आणि सगळ्यात पवित्र जागा अक्काजवळ, म्हणजे आजच्या इस्रायलमध्ये. आता ते तिथे कसं गेलं? या धर्माचे संस्थापक बहाउल्लाह, त्यांना आधी तेहरानच्या भुयारात कैद केलं, सियाहचाल, मग देशाबाहेर काढलं, आणि मग तुर्कांच्या सुलतानाने १८६८ मध्ये अक्काच्या किल्ल्यात कैदी म्हणून पाठवलं. तिथेच ते राहिले, तिथेच वारले, म्हणून ती जागा पवित्र. इस्रायल जन्माला आलं १९४८ ला, म्हणजे ८० वर्षांनी. म्हणजे तुम्हीच हाकललं, दुसऱ्या राजाने जेलात टाकलं, आणि आता ते जेल ज्या देशात आहे त्याचे तुम्ही हेर!!

त्या सात जणांतल्या महवश साबेत यांनी जेलात कविता लिहिल्या. दहा वर्षांनी सुटल्या, आणि जुलै २०२२ मध्ये परत पकडून परत दहा वर्षं. तेव्हा त्यांचं वय सत्तरीला टेकलेलं.

---

मिरी
@पाचगणीची पोर, लिहीत जा ग. मला एक कळत नाही, पारशी लोकांना इराणमध्ये चालवून घेतात ना? मग यांनाच का नाही?

---

पाचगणीची पोर
चालवून घेतात म्हणजे, त्यांच्या घटनेच्या तेराव्या कलमात तीन अल्पसंख्य धर्मांची नावं आहेत: झरतुष्ट्री, ज्यू, ख्रिश्चन. बहाई त्या यादीत नाहीत कारण तो धर्म इस्लामनंतर आला, आणि इस्लामनंतर कोणी प्रेषित येऊच शकत नाही असं तिथल्या मौलवींचं म्हणणं. मग फॉर्मवर रकानाच नाही. युनिव्हर्सिटीत प्रवेश नाही, म्हणून त्यांनी १९८७ पासून घराघरांत स्वतःचं कॉलेज चालवलं, त्या शिक्षकांना पण जेल झालीये. माझी रूममेट म्हणायची की तिच्या मामाला एका रकान्यात खोटं लिहिलं असतं तर इंजिनियर होता आलं असतं. मामाने इथे येऊन बन मस्का विकला.

---

अवली बाळ
शेवटची ओळ... गप्प झालो.

---

मांडवीकाठ
गोंयचो मनीस हांव, म्हणजे गोव्याच्या धाग्याची वाट न बघता इथेच लिहितो. कागदावरच्या गुन्ह्याचं चाललंय म्हणून सांगतो, आमच्याकडे तर कागदच दाखवत नव्हते.

गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांच्या काळातलं चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२, मध्ये चार वर्षं बंद. जुन्या गोव्यात आदिलशहाच्या वेळचा वाडा होता, त्यात त्यांचं कोर्ट आणि कोठड्या. लोक नाव घ्यायला भ्यायचे म्हणून नुसतं "ओर्लें घर" म्हणायचे, म्हणजे मोठं घर. बाटलेल्या माणसाच्या घरात तुळस दिसली, जुन्या सणाचं काही केलं, की चुगली करायला शेजारी बसलेलेच. १७३६ च्या फर्मानात तर धोतर, चोळी, लग्नातली गाणी, तुळस, सगळ्याची यादी आहे.

पण आतून काय चालायचं ते आपल्याला बरंचसं कळतं एका फ्रेंच डॉक्टरमुळे. शार्ल देलाँ. माणूस कॅथलिकच, बरं का. दमणला प्रॅक्टिस करत होता. बाप्तिस्म्याबद्दल, मूर्तींना मुके घेण्याबद्दल काहीबाही बोलला. त्याच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे खरी भानगड वेगळीच, एका बाईवरून दमणच्या गव्हर्नरची खुन्नस होती. पकडून गोव्याला आणला. आणि तिथला नियम असा की तुझ्यावर आरोप काय आहे, साक्ष कोणी दिली, हे सांगायचं नाही. तूच आठव आणि तूच कबूल कर. हा बिचारा जे आठवेल ते कबूल करत गेला, ते म्हणायचे अजून आहे, आठव. महिनेच्या महिने एकटा कोठडीत. आवाज करायचा नाही, रडायचं नाही, मोठ्याने प्रार्थनासुद्धा करायची नाही, लगेच येऊन गप्प करत. (जुनाट काकांचा मुद्दा बघा, देवाच्या नावाने चालवलेल्या जेलात प्रार्थनेला बंदी!) जीव द्यायचा पण प्रयत्न केला त्याने. १६७६ च्या जाहीर शिक्षेच्या दिवशी त्याला पाच वर्षं गलबतावर वल्ही मारायची सजा मिळाली, आणि परत गेल्यावर त्याने सगळं लिहून छापलं.

त्याच्यासारखे लिहिणारे किती? कुळागरात काम करणाऱ्या, सही न येणाऱ्या माणसाने काय भोगलं ते कोण लिहिणार? गोव्यातली कागदपत्रं बरीचशी जाळून टाकली. आमच्या प्रियोळकरांनी १९६१ मध्ये यावर पुस्तक लिहिलं म्हणून निदान आमच्या पिढीला माहीत तरी झालं. आता त्या वाड्याच्या जागी काही नाही. टुरिस्ट बाजूच्या चर्चचे फोटो काढतात आणि सोलकढी कुठे मिळेल विचारतात.

---

कट्ट्यावरचा कट्टर
बघा, म्हणून मी म्हणतो की यां—
(हा प्रतिसाद व त्यावरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. एका धर्माच्या लोकांना शिव्या द्यायच्या असतील तर हा धागा त्यासाठी नाही. - संपादक)

---

मांडवीकाठ
संपादकांचे आभार. मी लिहिलं ते कोणाला झोडायला दारूगोळा म्हणून नव्हतं. माझे निम्मे मित्र कॅथलिक आहेत, त्यांच्याच पणज्यांनी हे भोगलंय. इन्क्विझिशनने जास्त करून पकडले ते बाटलेलेच.

---

डॉक_जळगाव
नाईट ड्यूटीवर आहे, पेशंट शांत आहेत तोवर टंकतो.

हिटलरच्या छळछावण्यांत कैद्यांच्या कपड्यांवर रंगीत त्रिकोण असायचे. जांभळा त्रिकोण म्हणजे यहोवाचे साक्षीदार, एक ख्रिस्ती पंथ. आपल्याकडे पण असतात ते, दोघंदोघं रस्त्याच्या कडेला स्टँडवर पुस्तकं लावून गप्प उभे. मी त्यांना नेहमी टाळून पुढे जातो, खरं सांगतो. तर हे लोक सॅल्यूट करायचे नाहीत, सैन्यात जायचे नाहीत. ज्यूंना सुटकेचा रस्ता नव्हता, काही केलं तरी. यांना होता. एक छापील फॉर्म होता, त्यावर सही करायची की मी हा पंथ सोडला, आणि घरी जायचं. फार थोड्यांनी सही केली. मी आमच्या हॉस्पिटलात रोज लोकांना न वाचता कन्सेंट फॉर्मवर सह्या करताना बघतो, त्यामुळे हे माझ्या डोक्यात फार बसलंय. जगातला हा एकच कैदी असावा ज्याच्या कोठडीची किल्ली त्याच्याच खिशात असते.

आणि हे संपलेलं नाही. रशियाच्या सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१७ मध्ये त्यांची संघटनाच "अतिरेकी" ठरवून बंदी घातली. पुढच्या महिन्यात ओरयोल शहरात प्रार्थनेच्या सभेत पोलीस शिरले आणि डेनिस क्रिस्टेन्सन म्हणून एक डॅनिश सुतार पकडला, २०१९ ला सहा वर्षं. बंदूक धरायला नकार देणारे लोक आणि कलम अतिरेक्याचं!

---

शनवारातला शहाणा
डॉक, मुद्दा जोरदार. पण मग उलट बाजूने विचारतो. आपल्याकडे याच लोकांची केस झाली होती ना, राष्ट्रगीताची? तेव्हा आपण काय केलं?

---

डॉक_जळगाव
हो, केरळची. १९८५ मध्ये एकाच घरातली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला उभी राहायची पण म्हणायची नाहीत, म्हणून शाळेतून काढलं. हायकोर्टात हरले. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट १९८६ मध्ये सांगितलं की मुलं आदराने उभी राहतात, अपमान करत नाहीत, गायची सक्ती कुठल्याच कायद्यात नाही, परत घ्या. बिजो इमॅन्युएल केस. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे, आपल्याकडे पण काढलंच होतं, पण वर दाद मागायला कोर्ट होतं आणि त्याने ऐकलं. याउलट तिबेटी लामा तेन्झिन देलेक रिनपोचेंचं उदाहरण घ्या, धागाकर्त्यांनी घेतलं नाही म्हणून लिहितो. २००२ मध्ये पकडले, बॉम्बस्फोटाचा आरोप, निलंबित फाशी, पुढे ती जन्मठेप. शेवटपर्यंत म्हणत राहिले मी काही केलेलं नाही. जुलै २०१५ मध्ये जेलातच गेले. घरचे म्हणत होते शरीर आमच्या ताब्यात द्या, रीतीप्रमाणे करू. नाही दिलं, तिथेच जाळलं.

बेल वाजली, पळतो.

---

शनवारातला शहाणा
दोन दिवस विचार केला. घोषणा देणं हे राजकारणच, यावर मी ठाम आहे. पण एक मान्य करतो. राजकीय कैद्याला सरकार म्हणतं, परत असं करू नकोस. यांना म्हणतंय, परत असं मानू नकोस. हा फरक माझ्या आधी लक्षात आला नव्हता. आणि १९९६ पासून मठांत ते देशभक्तीचे वर्ग घेऊन दलाई लामांना नाकारायला लावतात, त्यांचे फोटो उतरवायला लावतात, हे परवा वाचलं. त्या भिक्षूने घोषणा दिलेली नसते, तो नुसता बसलेला असतो, तुम्ही जाऊन त्याच्यापुढे कागद ठेवता.

धानपट्टी, जिंकलात असं समजू नका 😄

---

धानपट्टी
जिंकायचं काय त्यात शहाणे, तुमच्यामुळे धागा झाला.

बऱ्याच जणांनी खाजगी निरोपात विचारलं म्हणून अपडेट. काल बाबांचा स्वेटर बदलायला गेलो, साइझ लहान झाला होता. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मावशींना म्हटलं, तुमच्या त्या बोलण्यावरून मी बरंच काही वाचलं, आणि मोबाइलवर ते द्राप्चीतलं गाणं लावून दिलं. आधी त्यांना कळलंच नाही, खरखर फार आहे ना. म्हणाल्या, रेडिओ आहे का? मग एकदम हात थांबला. त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, कानाशी धरला, मग स्वेटरच्या थप्पीवर पालथा ठेवला आणि वर एक शाल टाकली. आवाज येत होता, बारीक. का झाकला ते मी विचारलं नाही, सवय असेल. गाणं संपलं, मी उचलायला गेलो तर हातानेच थांबवलं, दुसरं सुरू होत होतं.

तेवढ्यात एक बाई आल्या, लहान पोराला टोपी हवी होती, लाल. मावशींनी शाल न हलवता दुसऱ्या हाताने टोप्यांचा ढीग पुढे ओढला.

"एक दाम आहे हं ताई," म्हणाल्या.